मामींच्या परसातला फणस

कोकणात लोक समुद्र बघायला जातात, आंबे खायला जातात, नाहीतर कुलदेवाला नारळ ठेवायला जातात. मी गेलो तो लाकूड आणायला. पंचावन्न सालचा कार्तिक संपत आला होता आणि मिरजेत आमच्या घराचे बांधकाम चौकटीपर्यंत पोचले होते. माझ्या पत्नीचा बालपणीचा बराच काळ तिच्या मामांकडे, देवगडच्या बाजूला गेला. तिथल्या घराचा उंबरा फणसाचा, देव्हारा फणसाचा. आपल्याही घराला उंबरा फणसाचाच हवा, एवढी एकच गोष्ट तिने मागितली. फणसाच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही आणि ते जसे जुने होते तसे पिवळ्याचे तांबूस होत जाते, असे आमच्या सुतारानेही सांगितले. मामांचा निरोप आला की परसात एक झाड आहे, जावयांनी येऊन बघावे आणि खुशाल घेऊन जावे.

गावाचे नाव मी लिहीत नाही. ती माणसे अजून तिथेच राहतात. जामसंड्याच्या अलीकडे मोटार थांबते, तिथून खाडीच्या कडेने आत जावे लागते, एवढे सांगितले तरी पुरे.

घाटाखाली

फोंडाघाट उतरताना गाडीतल्या निम्म्या माणसांच्या जिवाचे पाणी होते, त्यात मी होतो. वळणे मोजायला सुरुवात केली होती, पण पुढे मोजणे सोडून डोळे मिटून घेतले. मी मोजणीखात्यातला कारकून. मोजायचे सोडले, असे माझ्या हातून क्वचितच होते. खाली उतरल्यावर हवा अंगाला चिकटते. आमच्याकडे थंडीत ओठ फुटतात, इथे कार्तिकातही सदऱ्याची कॉलर ओली होती. कणकवलीला गाडी बदलली. माझी वळकटी टपावरून उतरवताना तिच्यात गुंडाळलेली पहार घरंगळली आणि एका म्हातारबाबांच्या पायाजवळ पडली. ते म्हणाले, "लग्नाक चाललात काय दरोड्याक?" सगळी गाडी हसली.

ज्यांनी फणसाचे झाड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. आंबा फांदीच्या टोकाला लागतो. फणस मुख्यतः खोडाला लागतो. एकदा फळ येऊन गेले की खोडावर त्या जागी गाठ राहते, आणि पुढच्या वर्षी बहुधा त्याच गाठीतून पुन्हा देठ फुटतो. त्यामुळे फळते झाड लांबूनही ओळखता येते. त्याचे खोड गाठींनी भरलेले असते. वाटेत घराघरापुढे मी तसलीच खोडे बघत गेलो.

मामांच्या परसातल्या झाडाला एकही गाठ नव्हती.

परसू

"येवा जावयानू, येवा. घाटावरचे लोक वेळेवर येतत म्हणतत तां खरा दिसता," मामा पडवीतूनच ओरडले. साठीचे गृहस्थ, अंगाने काटक. बोलताना दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. घरात तिघेच होते. मामा, मामी आणि मामांची थोरली विधवा बहीण, जिला सगळा गाव आक्का म्हणतो. मुलगा मुंबईला नोकरीला.

पाय धुतले, उकड्या तांदळाची पेज आली, सोबत भाजलेला सुका बांगडा आणि खोबऱ्याची चटणी. पेज ताटलीत ओतून निववत प्यायची असते हे मला माहीत नव्हते. मी चमचा मागितला. आक्का म्हणाली, "बघ रे, चमच्यान पेज खातत. तापसरीक पडलत काय?" मामी हसल्या नाहीत. त्यांनी उठून चमचा आणून दिला. पन्नाशीच्या आतल्या, बारीक बांध्याच्या बाई. पहिल्या दिवशी त्यांचे पुरे दहा शब्द ऐकायला मिळाले नाहीत.

दुपारी मी टेप घेऊन परसात गेलो. परसू म्हणजे घरामागची मोकळी जागा. तिथे विहीर, केळी, धुण्याचा दगड आणि गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून फणस. बावीस वर्षांचे झाड. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर माझ्या कवेत मावत नव्हता. खोड सरळ आणि नितळ. हात फिरवला तर तळहाताला कुठे अडखळत नाही. इतके मोठे फणसाचे झाड इतके गुळगुळीत मी त्या सबंध तालुक्यात दुसरे पाहिले नाही. पाने दाट होती आणि खाली सावली इतकी गडद, की गवताची काडी उगवलेली नव्हती. जमीन झाडून घेतल्यासारखी स्वच्छ होती. ती खरोखरच झाडलेली होती, हे नंतर कळले. मामी रोज झाडत.

"बावीस वरसां झाली, एक कुयरी धरूक नाय," मामा म्हणाले. कुयरी म्हणजे कोवळा फणस. "आमच्या घराक सावली आणि पानां, दुसरा काय नाय. तुमचो उंबरो तरी होवंदे."

आमच्या सुताराने एक अट घातली होती. उंबऱ्याला रुंद फळी लागते, म्हणून बुंध्याचा, जिथे मुळे फुगून बाहेर येतात तो भाग हवा. तो मिळवायचा तर झाड वरून कापून भागत नाही, भोवती खणून मुळांसकट काढावे लागते. हे मी मामांना सांगत असताना मामी मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मुळां पण काडतलात?" त्यांनी विचारले.

"हो."

"कितक्या खोल?"

मी म्हणालो, कमरेइतके तरी. त्यांनी माझ्या कमरेकडे पाहिले, मग जमिनीकडे पाहिले आणि आत गेल्या. रात्री वाढताना त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. सकाळी घावणे वाढताना पुन्हा. मी तेच उत्तर दिले. मला वाटले, बाईंना कमी ऐकू येत असावे.

सकाळी मुळे कोणत्या बाजूला गेली आहेत ते बघायला मी पहार ठोकत झाडाभोवती फिरलो. लाल, चिकट माती, पहार वीतभर जायलाही जोर लागत होता. घराच्या बाजूला, खोडापासून दोन हातांवर, मी तोच जोर लावला आणि पहार एकदम हातभर आत गेली. मी तोंडावर पडता पडता वाचलो. खाली पोकळ होते. पहार वर ओढली तर टोकाला काळे, ओलसर असे काही लागलेले होते. मातीसारखे नव्हते. वास आंबूस.

"थंय नुको," मागून आवाज आला. मामी विहिरीवर घागर टेकवून उभ्या होत्या. पाणी घागरीतून सांडत होते, पण त्यांचे लक्ष नव्हते. "खंयय ठोका. थंय नुको."

मी पहार ठेवून दिली.

आक्काने सांगितले ते

त्या दुपारी आक्का पडवीत सुपारी कातरत बसली होती. मी विचारले, तर तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"थंय तिचा चेडू आसा," ती म्हणाली. चेडू म्हणजे मुलगी. "धा दिवसांचा होऊन गेला. बारसा करूक पण दिला नाय. आमच्यात तान्ह्यांका जाळणत नाय, पुरतत. भावान थंय पुरल्यान, कोले उकरतीत म्हणान वर दगड घातल्यान, आणि दगडांच्या मदी फणसाची आठळी टाकल्यान. तां ह्यां झाड."

लहान मुलांना पुरायची रीत आमच्याकडेही आहे, पण ती ओढ्याकाठी, गावाबाहेर. घरामागे पुरून वर झाड लावलेले मी ऐकले नव्हते.

"मग ते फळत का नाही?" मी विचारले.

आक्काने अडकित्ता थांबवला. "फळता. ज्येष्ठात येऊन बघा. साऱ्या घरात पिकल्या फणसाचो वास येता. झाडार एक फणस नाय. दर वरसा येता. ता चेडू वर येवक देना नाय. खाली ओढून घेता."

"मामींना हे माहीत आहे?"

"तिका इचारा. झाडाक कोणी वांझ म्हटल्यान तर ती जेवणा नाय."

तेव्हा मला मामींचा प्रश्न कळला. त्या मला झाडाबद्दल विचारत नव्हत्या. कमरेइतके खणले तर काय हाती लागेल, ते विचारत होत्या.

मी मामांना एकीकडे घेऊन म्हणालो की उंबरा सागाचाही चालेल. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जावयानू, बावीस वरसां ती त्या झाडाखाली झाडता. सकाळी एकदा, दिवेलागणीक एकदा. मुंबैक झिलाकडे जावक तयार नाय, म्हायेराक जावक तयार नाय. झाड गेला तर ती सुटात. म्हणान तुमका बोलावलंय." त्यांचे ओठ हसत होते, डोळे हसत नव्हते.

म्हणजे मामांना मामींच्या भल्यासाठी झाड तोडायचे होते आणि मामींना मुलीसाठी ते राखायचे होते. मधे मी आणि माझा उंबरा.

तोड आक्काने काढली. परवा अमावास्या होती आणि सूर्यग्रहण होते. न फळणाऱ्या झाडाला ग्रहणात मुसळाने मारून विचारायचे, अशी तिथे रीत आहे. एकाने कुऱ्हाड घेऊन उभे राहायचे, एकीने मुसळाने मारत विचारायचे आणि एकीने झाडामागे उभे राहून झाडाच्या वतीने कबूल करायचे. झाड भिते आणि फळते. आमच्याकडे ग्रहणात लोणच्यावर दर्भ ठेवतात आणि रस्त्यात "दे दान, सुटे गिराण" असे ओरडत मागणारे येतात. झाडाला दम भरताना मी पाहिले नव्हते.

"धरतंय म्हणाला तर ज्येष्ठापर्यंत ठेवूया," आक्का म्हणाली. "नाय धरला, तर जावयान मुळांसकट न्यावचा. मगे कोणी रडाचा नाय."

मामींनी मान हलवली. मामांनीही.

"कुऱ्हाड जावयाक द्या," आक्का मला म्हणाली. "आमी धरली तर झाडाक कळता, खोटी आसा. तुमका खरीच तोडूची आसा."

अमावास्या

मी जे पाहिले तेवढेच लिहितो. ग्रहण खग्रास नव्हते. दुपारी सूर्याचे साधारण निम्मे बिंब झाकले गेले. अंधार पडला नाही. उजेड मात्र पातळ झाला, हळदीच्या पाण्यात राख मिसळावी तसा. कावळे गप्प झाले. विहिरीकडून गार वारा आला. ग्रहण लागताना, स्पर्शाच्या वेळी, सगळ्यांनी आंघोळी केल्या होत्या आणि ओलेत्यानेच आम्ही झाडाखाली उभे होतो.

फणसाच्या पानांतून एरवी उन्हाचे गोल कवडसे पडतात. त्या दिवशी प्रत्येक कवडसा कुरतडलेला होता. शेकडो, सगळे एकाच बाजूने कुरतडलेले. झाडलेल्या जमिनीवर, खोडावर, आक्काच्या पांढऱ्या लुगड्यावर, माझ्या हातातल्या कुऱ्हाडीच्या पात्यावर. वारा आला की सगळे एकदम हलत. असे का होते ते मला नंतर एका विज्ञानाच्या मास्तरांनी समजावून दिले. त्या वेळी माहीत नव्हते. माहीत असते तरी फार फरक पडला असता असे वाटत नाही.

मामी झाडामागे गेल्या. मामा विहिरीच्या कठड्याला टेकले. मी बाजूला उभा होतो, अशा ठिकाणी की मला एकीकडे आक्का दिसत होती आणि एकीकडे मामी. इतर कोणालाही त्या दोघी एकदम दिसत नव्हत्या. हे महत्त्वाचे आहे.

आक्काने मुसळ खोडावर मारले. "झाडा, धरशीत काय तोडू?"

उत्तर नाही.

दुसऱ्यांदा मारले. आवाज भरीव लाकडाचा यायला हवा होता. तो घुमल्यासारखा आला, खालून. "धरशीत काय तोडू?"

मामा कठड्यावरून म्हणाले, "अगो, बोल मगे! जावय कुऱ्हाड घेवन कवाधरसून उभे आसत. त्यांचे हात दुखतले." त्यांना थट्टा करायची होती, ती जमली नाही.

मी मामींकडे पाहिले. त्यांनी पदराचे टोक दातांत घट्ट धरले होते. डोळे जमिनीवर, जिथे माझी पहार आत गेली होती तिथे. तेव्हा माझ्या ध्यानात आले, त्या बोलणार नाहीत. त्या जागेच्या वतीने खोटे कबूल करणे त्यांच्याने होणार नव्हते.

आक्काने तिसऱ्यांदा मारले. "धरशीत काय तोडू?"

"धरतंय."

आवाज बारीक होता. घाबरलेला नव्हता, रडवाही नव्हता. हाक मारल्यावर कोणी ओ द्यावी तसा. आक्काने लगेच मुसळ खाली ठेवले आणि खोडाला हात जोडले. मामांनी हुश्श केले. त्यांच्या दृष्टीने मामी बोलल्या होत्या.

मी मामींच्या तोंडाकडे बघत होतो. पदर दातांतच होता.

ग्रहण सुटल्यावर पुन्हा आंघोळी झाल्या. मी पंचा वाळत घालत असताना मामी जवळ आल्या.

"जावयानू, तुमी बघलात मगे?"

"काय?"

"माजा तोंड."

"पाहिलं."

"कोणाक सांगू नुको," त्या म्हणाल्या. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, त्या हसल्या. ते हसू बघून मला ऊन असतानाही पंचा अंगावर ओढून घ्यावासा वाटला.

ज्येष्ठ

पुढल्या ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, मी पुन्हा गेलो. या वेळी दोन करवतवाले बरोबर घेतले होते. वाटेत सगळी वाडी फणसांनी लगडलेली. जमिनीपासून हात पोचेल तिथपासून वरपर्यंत, खोडाला आईच्या अंगाला पोरे लोंबावीत तसे फणस. एका घरी पाणी मागितले तर पिकल्या फणसाचे गरे पुढे आले. मी हाताला तेल न लावता खाल्ले आणि चीक मिशीला लागला. पाणी लावले तर तो आणखी पसरला. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईने खोबरेल ओतून माझी मिशी पुसून दिली आणि म्हणाली, "जावय चिकटलो आता कोकणाक."

मामांच्या झाडावर मात्र एकही फणस नव्हता. मी तिन्ही बाजूंनी पाहिले, गडग्यावर चढून चौथ्या बाजूनेही पाहिले. खोड तसेच नितळ.

"बोलणा झाला ता झाला," मामा म्हणाले. आवाज बसलेला होता. "उद्या कामाक लागा."

मामी चुलीपुढे होत्या. सांदणे उकडत होत्या, शेजाऱ्यांनी दिलेल्या फणसाची. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला पिकल्या फणसाच्या वासाने जाग आली. आधी मला तो सांदणांचा वाटला. स्वयंपाकघरात गेलो, तिथे भांडी घासून पालथी घातली होती. मग सबंध घराला फेरी मारली. पुढल्या अंगणात वास कमी, परसात जास्त. वारा खाडीकडून होता, म्हणजे शेजारच्या झाडांचा वास उलट दिशेला जायला हवा. चिमूटभर राख हवेत सोडून मी ते पाहूनही घेतले. वास त्या दोन हातांवरच्या जागेतून येत होता. तिथली झाडून गुळगुळीत केलेली जमीन वीतभर वर आली होती आणि तिला तीन फाटे असलेली भेग गेली होती. भेगेतून मुंगळे ये-जा करत होते.

करवतवाल्यांनी ते पाहिले आणि करवत गडग्याला टेकवून ठेवली. त्यांतला थोरला म्हणाला, "साहेब, ह्याला आम्ही हात लावणार नाही." मामा पुढे झाले, दोन पावलांवर थांबले. आक्का मागच्या दारात उंबऱ्याच्या आतच राहिली. "देवाक कौल लाव आधी," ती म्हणाली. "इचारल्याशिवाय उघडू नुको."

"माका कोणाक इचारूचा नाय," मामी म्हणाल्या. त्या सगळ्यांच्या मधून पुढे आल्या, गुडघे टेकून बसल्या आणि हातांनी माती बाजूला करू लागल्या. कोणी त्यांना थांबवले नाही. आता काय वर येणार याची आम्हा सगळ्यांना भीती होती. त्यांना नव्हती.

फणस होता.

फिकट, उन्हात न वाढलेल्या गोष्टीला येतो तसा पांढुरका पिवळा. काटे बोथट, मऊ. मोठा नव्हता. एका जाड मुळालाच देठ फुटून तो तिथे, मातीच्या आत, पोकळीत वाढला होता. पोकळीच्या कडांना काळे, कुजलेले थर होते आणि त्यांत जुन्या आठळ्यांची साले. दर वर्षी तो तिथेच धरत होता आणि तिथेच कुजत होता. माझी पहार ज्यात गेली ते हेच.

मामींनी तो दोन्ही हातांवर उचलला. वरच्या टोकाखाली त्यांनी तळवा धरला होता, मान सावरायला धरतात तसा. देठ अजून मुळाला जोडलेला होता, आणि जिथे तो ताणला गेला तिथून चीक ठिबकू लागला. दुधासारखा पांढरा. त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत.

"आक्का," त्या म्हणाल्या, "कापा."

आक्का उंबरा ओलांडून आली. तिने कोयत्याने देठ कापला. बावीस वर्षांपूर्वी त्याच घरात नाळही तिनेच कापली होती, असे मामांनी मला मागाहून सांगितले.

मामा म्हणाले, "खाडीत सोडूया."

"खाडीत कित्याक?" मामी म्हणाल्या. "धरतंय म्हणाला, धरला. आता खावचा."

त्यांनी हाताला तेल लावले, फणस फोडला आणि गरे काढले. सगळ्यांना दिले. करवतवाल्यांनाही दिले. मी खाल्ला. गोड होता, पण नेहमीच्या गऱ्यापेक्षा गार. उन्हाळ्याच्या त्या दिवसात तो कोणी विहिरीत सोडून ठेवल्यासारखा गार होता. मामांनी हातात धरून ठेवला होता. मामी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा खाल्ला. मग ते पडवीत जाऊन तोंड फिरवून बसले. मी तिकडे गेलो नाही.

आठळ्या मामींनी मीठ घालून उकडल्या, वर खोबरे खवले आणि दुपारी सुपात घालून वाडीतल्या प्रत्येक घरी मूठमूठ दिल्या. बारशाच्या घुगऱ्या वाटतात तशा. कोणी विचारले, कशाबद्दल, तर त्या एक नाव सांगत. मुलीचे नाव. ते त्यांनी बावीस वर्षे कोणाला सांगितले नव्हते, मामांनाही नाही. काही बायांनी घुगऱ्या घेतल्या आणि दार लावून घेतले. एकीने मात्र ओटी भरली.

संध्याकाळी परसू झाडायची वेळ झाली. मामी पडवीत बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "झाड न्यावचा तर आता न्यावा. मुळांसकट न्यावा. थंय आता काय नाय."

मी करवत परत पाठवून दिली.

मिरज

आमच्या घराचा उंबरा सागाचा आहे. पुढच्या वर्षी मामांच्या झाडाला खोडावर फणस धरले, चांगले, इतरांसारखे. ज्येष्ठातला वास पुन्हा आला नाही. मामी त्या हिवाळ्यात मुंबईला मुलाकडे जाऊन आल्या.

मी चार जाणत्या बागाईतदारांना विचारून खात्री करून घेतली. काही झाडांना मुळावर, जमिनीखाली फणस धरतो. भेग पडते, वास येतो, तेव्हा कळते. आक्काच्या मुसळाचा आवाज घुमला तो पोकळीमुळे. वासाचा, भेगेचा, पहारीचा, सगळ्याचा मेळ बसतो. पदर दातांत असताना आलेल्या उत्तराचा बसत नाही. ही गोष्ट मी इतकी वर्षे कोणाला सांगितली नाही, कारण तसे कबूल केले होते. मामी गेल्या चैत्रात वारल्या, म्हणून आता लिहिली.

निघताना त्यांनी माझ्या पत्नीसाठी घुगऱ्यांची पुरचुंडी दिली होती. तिच्यात एक आठळी कच्ची होती. ती आम्ही मागच्या अंगणात लावली. काळ्या मातीत फणस धड येत नाही असे सगळे म्हणाले, पण आला. आता दहा वर्षांचा आहे. खोड सरळ, नितळ, एकही गाठ नाही. शेजारी म्हणतात, तोडून टाका, नुसती सावली. यंदा एक लहानसे ग्रहण होऊन गेले. मी मुसळ माळ्यावर ठेवून दिले होते.

माझ्या पत्नीला मी यातले काही सांगितले नव्हते, घुगऱ्या आणि नाव एवढेच. पण ज्येष्ठ लागला की अंगण झाडताना झाडाच्या घराकडच्या बाजूला ती केरसुणी हलक्या हाताने फिरवते, आणि तिथे आली की बोलत असेल तर आवाज खाली आणते. का, ते मी विचारलेले नाही.